प्लायवूडपलीकडचा तास

सोमवार, ५ नोव्हेंबर २००१

"अहो, तुमचं तेच तेच ऐकून माझे कान किटले. काय ते एका वहीत लिहा आणि जेवताना गप जेवा," असं दुर्गा आज म्हणाली. बावीस वर्षांच्या संसारात बायकोने दिलेलं हे पहिलं डिक्टेशन. म्हणून ही वही.

तर लिहितो. पेणकरपाड्यात माझी टायपिंग इन्स्टिट्यूट आहे. शिगवण टंकलेखन व लघुलेखन वर्ग, पहिला मजला, स्थापना १९८२. तेव्हा खिडकीतून भाताची खाचरं दिसायची, आता समोरच्या बिल्डिंगीतल्या लोकांच्या वाळत घातलेल्या चड्ड्या दिसतात. हॉल एक, मशीनं चौदा. त्या हॉलच्या मधोमध आज मालक चंदनभाईने प्लायवूड ठोकलं. सात मशीनं भिंतीला रचून ठेवावी लागली. अलीकडे मी आणि पलीकडे 'रुचिता कॉम्प्युटर्स'.

रुचिता म्हणजे दशरथ पोस्टमनची मुलगी. पंधराव्या वर्षी माझ्याकडे आली. कुठलं बोट कुठल्या कळीवर ठेवायचं तिथपासून मी शिकवलं. आता माझ्याच छताखाली, माझ्याच जिन्याने पोरं वर येतात आणि उजवीकडे वळायची ती डावीकडे वळतात.

"लड़की का एहसान मान, मास्तर," चंदनभाई वर मलाच म्हणाला. "मार्च में एग्रीमेंट खतम होता है, तब देखेंगे. बिना छोकरा लोग के, खाली क्लास को मैं जगा नहीं देगा."

एहसान! माझा अर्धा हॉल गेला आणि उपकार तिचे. गेल्या वर्षी माझ्याकडे एकेचाळीस जण होते, आज सात आहेत. मार्चपर्यंत पोरं जमली नाहीत तर एकोणीस वर्षांची संस्था जिन्याखाली.

गुरुवार, ८ नोव्हेंबर

प्लायवूड छतापर्यंत पोचलेलं नाही. वर हातभर फट आहे. पैसे वाचवले चंदनभाईने. त्यामुळे चार वाजता तिचा तास सुरू झाला की एकूण एक शब्द माझ्याकडे ऐकू येतो.

ओरडते किती! समोर पाच पोरं आणि आवाज पन्नास जणांचा. आज 'वेब पेज' नावाचा प्रकार सुरू केला. प्रत्येक गोष्ट हळू, स्पष्ट आणि दोनदा सांगते. हळू, स्पष्ट, दोनदा, ही माझी डिक्टेशनची पद्धत. तीसुद्धा उचलली. उद्या माझं आडनाव लावेल.

राग आला म्हणून पेन्सिल घेतली आणि तिचा सगळा तास लघुलेखनात उतरवून काढला. पुढेमागे कामाला येईल, काय भलतंसलतं शिकवते त्याचा पुरावा म्हणून. संध्याकाळी वाचून बघितलं तर विशेष अवघड काही वाटेना. दहावी नापास माणूसही शिकेल.

मग डोक्यात आलं, दहावी नापास शिकेल तर मी का नाही? मार्चच्या आत हे सगळं शिकायचं आणि बाहेर पाटी लावायची, 'शिगवण सर, वेब पेज कोर्स'. तिच्याच काठीने तिचीच पाठ. तिच्याकडे फी भरून शिकण्यापेक्षा मी जीव देईन. पण फट काय तिच्या बापाची नाही.

सोमवार, १२ नोव्हेंबर

टॅग म्हणजे खूण. अक्षरं ठळक हवी असतील तर त्यांच्या आधी कंसात 'बी' लिहायचं, शेवटी कंसात तिरकी रेघ आणि 'बी'. "उघडलंत की बंद करायचं. उघडं टाकून उठायचं नाही," असं ती चार वेळा म्हणाली. हे वाक्य मी तिला रिबनच्या डबीबद्दल सांगत असे.

मजकूर मधे आणायला 'सेंटर'. नवीन ओळ हवी तर 'बीआर'. आडवी रेघ हवी तर 'एचआर'. तीन नंबरच्या मशीनवर सराव केला. एका पानावर दोन पॅराग्राफ, सगळे टॅग लावून, एकही खाडाखोड नाही.

शैला एकटी दुपारी तीनच्या बॅचला होती. तारोडीची आहे, दोन पोरांची आई, कोर्टातल्या टायपिस्टच्या जागेसाठी चाळीसचा स्पीड करतेय. चारला लगबगीने उठली, उत्तनची बस गाठायची म्हणून. गेल्यावर बघतो तर तिची चप्पल बाहेर तशीच. बाई घाईत अनवाणीच गेली बहुतेक. ह्या लोकांचं काही खरं नाही.

शनिवार, २४ नोव्हेंबर

दिवाळी आली आणि गेली. रुचिताच्या घरून फराळाचं ताट आलं होतं. दुर्गाने ठेवून घेतलं. चकली बरी होती, हे मी दुर्गाला सांगितलं नाही.

आज शांतीनगरातल्या सायबर कॅफेत गेलो. माझं टाईप केलेलं पान शेजारी ठेवून सगळं जसंच्या तसं कॉम्प्युटरवर उतरवलं आणि तिने सांगितलं होतं तसं उघडलं. काही म्हणजे काही झालं नाही. ठळक नाही, मधे नाही, रेघ नाही. कंस, 'बी', 'सेंटर', सगळं मजकुरात तसंच्या तसं दिसतंय, लग्नात शर्टाला दुकानाची चिठ्ठी राहावी तसं. कॅफेवाला वाकून बघून म्हणाला, "अंकल, ये क्या है?" आणि हसला. एकोणीस वर्षं ज्या माणसासमोर खुर्ची सरकवायची कोणाची छाती झाली नाही, त्याला अंकल म्हणाला.

आल्या आल्या टाईप केलेलं पान चुरगाळून पॅसेजमधल्या सामाईक कचऱ्याच्या डब्यात फेकलं. ती शिकवते ते खोटं आहे, ही माझी खात्री झाली.

सोमवार, २६ नोव्हेंबर

आज चार वाजता पलीकडून पहिलंच वाक्य: "कंस गोल नाही! पुन्हा सांगते. टॅगचा कंस गोल नाही. गणितात लहान-मोठं दाखवायला चिन्ह वापरतो ना, टोकाचं, ते. हे चिन्ह टाईपरायटरवर नसतं. कॉम्प्युटरवर स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळीवर आहे, शिफ्ट दाबून."

तिच्या वर्गात कोणी तरी गाढव असणार. तीन आठवडे झाले आणि पोराला कंस कळत नाही. बोर्डावर लिहिलेलं दिसत नाही काय त्याला? अर्थात चूक शिकवणाऱ्याचीच. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

मी ते लघुलेखनात लिहून घेतलं. खाली दोनदा रेघ मारली.

शुक्रवार, ३० नोव्हेंबर

झालं! कॅफेत बसून फक्त कंस बदलले आणि पान उघडलं. 'शिगवण टंकलेखन व लघुलेखन वर्ग', इंग्रजीत, मधोमध, ठळक, खाली आडवी रेघ. मला इतका आनंद झाला की शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी बाईला मी "बघा" म्हणालो. तिने बघितलं आणि "छान आहे" म्हणाली.

परत येताना हे कोणाला सांगावं असं वाटलं. जिन्यात रुचिता भेटली. "सर, बरं वाटतंय ना?" म्हणाली. मी म्हटलं, "आम्हाला काय धाड भरलीय," आणि वर निघून आलो. तोंड गोड करून विचारते, मनात काय आहे देव जाणे.

सोमवार, १० डिसेंबर

परत घात. ह्या वेळी मी परीक्षेचं वेळापत्रक बनवलं. टायपिंगमध्ये मथळा मधे आणायची रीत आहे: अक्षरं मोजायची, ओळीतून वजा करायची, निम्मे करायचे, तेवढ्या वेळा स्पेसबार दाबायचा. हे गणित मी झोपेत करतो. त्याच पद्धतीने रकाने पाडले, पाच रकाने, एका रेषेत, मोजून-मापून. सव्वा तास गेला.

उघडलं तर सगळं डावीकडे गोळा. पंचवीस स्पेस दिलेल्या ठिकाणी एक स्पेस. दहा ओळींची एक ओळ. कळपातल्या मेंढरांसारखे सगळे शब्द एकमेकांना चिकटून उभे. त्याची छापील प्रत आणून पॅसेजमधल्या त्याच डब्यात फेकली. स्पेस म्हणजे टायपिस्टची अक्कल. ज्या यंत्राला स्पेस कळत नाही ते यंत्र अडाणी, आणि ते शिकवणारी त्याहून अडाणी.

बुधवार, १२ डिसेंबर

आज तिने माझी चारचौघांत अब्रू काढली. नाव घेतलं नाही, एवढंच.

म्हणाली, "ज्यांनी आधी टायपिंग केलंय ना, ते स्पेस मारून मथळा मधे आणतात. ब्राउझर जास्तीच्या स्पेस खाऊन टाकतो. मीपण पहिल्यांदा तेच केलं होतं, रडले होते." पोरं हसली. मग म्हणाली, "पण जुना हात मोडायचा नसेल तर एक टॅग आहे. 'प्री'. पी, आर, ई. त्याच्या आत तुम्ही जसं टाईप केलंत तसंच राहतं. प्रत्येक स्पेस, प्रत्येक ओळ. पुन्हा सांगते..."

टायपिंगवाल्यांची चेष्टा करते, जिच्या पोटात अन्न टायपिंगने घातलं ती. जुना हात म्हणे.

'प्री' लावून बघितलं. पाचही रकाने जागच्या जागी उभे राहिले.

गुरुवार, २० डिसेंबर

आजचा टॅग कशाला शोधून काढला कळत नाही. टोकाचा कंस, उद्गारचिन्ह, दोन आडव्या रेघा. मग मजकूर. मग पुन्हा दोन रेघा आणि कंस. त्याच्या आत लिहिलेलं पानावर दिसतच नाही. कॉमेंट म्हणतात. कोणी पानावर माऊसचं उजवं बटण दाबून आतला मजकूर उघडला, तर त्यालाच दिसतं.

"मग लिहायचं कशाला, मॅडम?" एका पोराने विचारलं. पोरगं हुशार आहे, मलाही तेच विचारायचं होतं.

"आपल्यानंतर जो आत उघडून बघेल, त्याच्यासाठी," ती म्हणाली.

जे दिसणार नाही ते लिहायचं! कागदाची नासाडी. लिहायचं तर चौकात लिहावं.

शनिवार, ५ जानेवारी २००२

जुनी कागदपत्रं काढताना १९९२ सालचं शेरा-रजिस्टर सापडलं. परीक्षेच्या आधी मी प्रत्येकाची सराव चाचणी घेतो आणि लाल पेनाने शेऱ्यात चुकांचा आकडा टाकतो. एकोणीस वर्षांत शेऱ्यात शून्य मी कोणालाही दिलेलं नाही. पोरं डोक्यावर बसतात.

रुचिता: वेग साठ, चूक एक. बाकी कोणी तिच्या जवळपास नाही. मला तो दिवस आठवतो. कागद हातात घेऊन ती म्हणाली होती, "सर, चूक कुठाय? दाखवा ना." मी एका पुसट उमटलेल्या अक्षरावर बोट ठेवलं. "पुसट म्हणजे चूक. साहेबाला वाचता आलं नाही तर?" त्या दिवशी तिच्याजवळ तिचे वडील दशरथ उभे होते, पेढ्याचा पुडा घेऊन.

रजिस्टर परत बांधून ठेवलं.

सोमवार, १४ जानेवारी

संक्रांत. ती तिळगूळ घेऊन दारात उभी राहिली. "सर, तिळगूळ घ्या."

माझ्याकडे आज फक्त शैला होती. मशीनवर बसायला एकच माणूस आणि पलीकडे अकरा जणांचा गलका. मी म्हटलं, "तिकडे वाट तुझ्या पोरांना. गोड बोलून गळा कापणाऱ्यांचा तिळगूळ मला पचत नाही."

शैलाची बोटं थांबली. रुचिताने डबी दाराशेजारच्या मशीनवर ठेवली, कव्हर नीट सारखं केलं आणि गेली. कव्हर सारखं करायची काय गरज होती? मशीन माझं आहे.

दुर्गाला सांगितलं तर ती पोळी लाटायची थांबली. "शोभतं का तुम्हाला?" म्हणाली. दोघी मिळालेल्या आहेत.

शनिवार, १९ जानेवारी

मार्च तोंडावर आला. माझ्या पाटीने कोणी येईल असं वाटत नाही. आधी तिची पोरं तिच्यापासून तोडली पाहिजेत. मला आता पान बनवता येतं, ते फुकटच्या साईटवर चढवताही येतं. तिनेच शिकवलं, गेल्या आठवड्यात, दोनदा.

कॅफेत बसून बनवलं. वर 'सावधान', लाल, सगळ्यात मोठ्या आकारात, लुकलुकणारं. त्याखाली सरकारी नोटिशीच्या इंग्रजीत: सर्व संबंधितांना कळविण्यात येते की पेणकरपाडा येथील अमुक कॉम्प्युटर क्लासच्या संचालिकेने स्वतः कोणताही कोर्स पूर्ण केलेला नाही, तिचं प्रमाणपत्र कुठेही ग्राह्य नाही, इत्यादी. 'ग्राह्य नाही' तिरप्या अक्षरांत.

पहिलं कलम खोटं आहे. तिने डिप्लोमा केलाय, शिफारसपत्र मीच टाईप करून दिलं होतं. पण तिरप्या-ठळक अक्षरांत सगळंच खरं दिसतं. काम मात्र चोख केलं. टॅगच्या आतला टॅग पाच स्पेस आत, त्याच्या आतला दहा. जो टॅग उघडला तो बरोबर त्याच्याच रेषेत बंद. आत कोणी बघणार नसलं तरी गचाळ काम माझ्या हातून होत नाही.

खाली आकडा मोजणारा काउंटर लावला. पान किती लोकांनी बघितलं ते त्यात कळतं.

मंगळवार, २२ जानेवारी

काउंटर नऊ. नऊच्या नऊ वेळा मीच उघडलं होतं.

असं चालणार नाही. पानाची छापील प्रत काढली आणि चंदनभाईच्या टेबलावर नेऊन ठेवली. म्हटलं, "देखो, दुनिया में छप के आया है. ऐसे क्लास को जगा देगा तुम?"

त्याने चष्मा लावून एक एक शब्द वाचला. "ये किसने छापा, मास्तर?"

"पता नहीं. किसी पढ़े-लिखे आदमी ने."

बुधवार, २३ जानेवारी

अक्षर वाईट येतंय.

चंदनभाईने सकाळी बोलावलं. कागद अजून टेबलावर होता. म्हणाला, "मैंने लड़की को बताया ये. वो पढ़ी. नीचे लाइन में वेबसाइट का नाम छपा है ना, वो लिख लिया और गई." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "चलो अच्छा हुआ. लड़की को निकालता हूँ, मार्च में. और तुम भी सामान बांधो."

"मैं क्यों?"

"अरे मास्तर, दिमाग खराब हुआ क्या? गणपती में साडीवाला पूरा हॉल मांगता था. मैं तो दे ही देता. वो छोकरी इधर आके दो घंटा बैठ गई. बोली, आधा सर का रहने दो, तो ही बाकी आधा मैं लूंगी. इसलिए तेरा आधा बचा. वो जाएगी तो साडीवाला आएगा. मेरे को तेरी टिकटिक का क्या काम?"

जिना कसा चढलो आठवत नाही. दुर्गाला विचारलं, "तुला माहीत होतं?" तर म्हणाली, "सगळ्या पाड्याला माहीत होतं. तुम्हाला कोण सांगणार? तुम्ही ऐकता कुठे?"

मी रोज एक तास ऐकतोय, हे मी तिला सांगितलं नाही.

गुरुवार, २४ जानेवारी

चार वाजता पेन्सिल घेऊन बसलो. पलीकडे इंटरनेट जोडताना होणारी ती किरकिर ऐकू आली. मग खुर्च्या सरकल्या. मग ती बोलायला लागली, पण अगदी हळू. एक शब्द माझ्यापर्यंत पोचला नाही. अडीच महिन्यांत असं पहिल्यांदा झालं.

माझ्या पानाबद्दलच बोलत असणार. मी काय आहे ते अकरा पोरांना सांगत असणार. सांगू दे, खोटं काय आहे त्यात?

कॅफेत जाऊन बघितलं. काउंटर साठ. टिपणवहीच्या आजच्या पानावर लघुलेखनाची एक खूणही नाही.

शुक्रवार, २५ जानेवारी

शैला तीनला आली. मशीनवर कागद चढवला. मग म्हणाली, "सर, रागवू नका. मी चारला बसला न्हाय जात. मी पन तिकरं, रुचिताबाईंच्या क्लासातच बसते."

"कधीपासून?"

"दिवालीच्या आधीपासून. कोर्टात आता कॉम्प्युटर पन मांगतात. बाई म्हनाल्या, सरांचा क्लास सोडू नको, हात तिथंच तयार होतो."

मग चपलेचा उलगडा झाला. मी विचारलं, "काल काय झालं?"

"बाईंनी तुमचं पान उघरलं. आमाला म्हाईत हाय तुमीच बनवलंय, खाली तुमचं नाव न्हाय पन कोन लिवणार असं इंग्लिश? सगल्यांनी वाचलं. एक पोरगा म्हनाला, मॅडम, उत्तर द्या याला. बाई म्हनाल्या, वर काय लिवलंय ते वाचू नका. आतलं बघा. मंग त्यांनी उजवं बटन दाबून आतलं दाखवलं. म्हनाल्या, एक तरी टॅग उघडा राहिलाय काय? बघा कसं पायरी-पायरीनं लिवलंय. आता तुमी पन असंच लिवायचं. मना ज्यांनी शिकवलं त्यांचा हात हाय ह्यो."

मी खिडकीकडे बघत होतो. चड्ड्या वाळत होत्या.

"आनि सर," शैला म्हणाली, "बाई शिकवताना फल्याकडं न्हाय, प्लायवूडकडं तोंड करून बोलतात. आमी पयल्यांदा हसलो व्हतो."

मी तिला सरावाचा परिच्छेद काढायला सांगितलं. तिने काढला. चुका चार. मी आकडा टाकला नाही.

सोमवार, २८ जानेवारी

लाज वाटते. दुसरा शब्द सापडत नाही आणि शोधतही नाही.

सकाळी सात नंबरच्या मशीनवर चंदनभाईच्या नावे पत्र टाईप केलं. सदर वेब पेज मी स्वतः बनवलं आहे, त्यातला मजकूर खोटा आहे, मी तो मागे घेत आहे, आपला नम्र उत्तम शिगवण. सही करून स्वतः नेऊन दिलं. त्याने वाचलं, आधीच्या कागदासकट घडी घातली आणि खणात टाकलं. "पढ़ा-लिखा आदमी," एवढंच म्हणाला. मी निघालो तर मागून म्हणाला, "मार्च में दोनों साथ में आना, साइन करने. अकेला आया तो नहीं करूंगा."

तिच्यासमोर जाऊन माफी मागावी म्हणून पॅसेजपर्यंत गेलो. दारातून ती दिसली, कोणाचा तरी माऊस दुरुस्त करत होती. पन्नाशीच्या माणसाची जीभ अशा कामाला वळत नाही. परत फिरलो.

कॅफेत गेलो. पानावरचं 'सावधान' पुसलं, लाल रंग पुसला, सगळी कलमं पुसली, काउंटर तेवढा ठेवला. पान उघडलं तर पांढरं स्वच्छ, खाली फक्त आकडा. आता तिथे कोणाला काहीही दिसणार नाही.

मग टोकाचा कंस, उद्गारचिन्ह, दोन रेघा. डिसेंबरचं टिपण काढून नीट बघून लिहिलं, इंग्रजीत, मराठी अक्षरं त्या यंत्राला कळत नाहीत म्हणून. मजकूर असा:

'शेरा दुरुस्ती, सन १९९२. रुचिता. वेग साठ. चुका शून्य. अक्षर पुसट नव्हतं, रिबन जुनी होती. रिबन माझी होती.'

दोन रेघा, कंस. बंद केलं. निघताना काउंटर एकसष्ट होता.

बुधवार, ३० जानेवारी

दुपारी कॅफेत उघडून बघितलं. त्रेसष्ट. त्यातला एक मी.

चारला वर येऊन बसलो. पलीकडे खुर्च्या सरकल्या, पोरं स्थिरावली. पण तिचा आवाज येईना. एक पोरगा म्हणाला, "मॅडम, काय झालं?" तिने नाक पुसल्यासारखं वाटलं.

मग म्हणाली, "आज टेबल. टॅगचं नाव टेबल. पुन्हा सांगते, टेबल." खणखणीत आवाज, हळू, स्पष्ट.

मी खुर्ची उचलून प्लायवूडला टेकवली आणि पेन्सिल घेतली.